गोळ्या माझ्या, दोष तिचा

हे मी मुख्यतः नवऱ्यांसाठी लिहितो आहे. बायकांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना यातलं बरंचसं आधीच माहीत असतं.

मला क्रोन्स नावाचा आतड्यांचा आजार आहे. जन्मभराचा. त्याच्यासोबत भगंदर आलं, त्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली. आज मी नंदनवनात राहतो, कळमेश्वरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करतो, बसने जातो-येतो, दोन वेळा जेवतो. मुलगी पाच वर्षांची आहे. हा आजार झालेल्या माणसाला संसार करता येतो आणि लेकरूही होऊ शकतं, एवढं आधीच सांगून टाकतो. कारण ज्या दिवशी मी आजाराचं नाव ऐकलं त्या दिवशी हे सांगणारं मला कोणी भेटलं नाही.

पण माझ्या मनावर ओझं आहे ते आजाराचं नाही. आजार माझा होता आणि सहा वर्षं त्याची शिक्षा माझ्या बायकोनं भोगली. त्यातली निम्मी वर्षं तरी मला ती थांबवता आली असती.

पायगुण

आमचं गाव कुहीजवळ. धानाची शेती. वडील मी शाळेत असतानाच गेले. थोरला भाऊ वावर पाहायचा आणि मला शिकवायचं, हे त्यानं आणि मायनं ठरवूनच टाकलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो. गावात कोणाची तार आली, कोर्टाचा कागद आला, औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत काही लिहिलेलं असलं, की माणसं माझ्याकडे यायची. याचा मला गर्व होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू?

लग्न झालं. सुमन उमरेडकडची, मॅट्रिक झालेली. लग्नाला चार महिने होतात न होतात तोच मला जुलाब सुरू झाले. ते थांबेनात. संध्याकाळी ताप, पोटात पीळ, आणि वजन असं उतरलं की पँट दोरीनं बांधावी लागे. आतड्याचा टीबी असेल, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली. माझं ताट, माझा पेला वेगळा झाला. मी गावच्या घरी खाटेवर पडलो.

एके दुपारी माय शेजारणीला सांगत होती, "सून उंबऱ्याच्या आत आली आन् माहा पोरगा खाटेवर पडला वं. पायगुण म्हंते थो हाच."

सुमन तिथेच भांडी घासत होती. तिचा हात थांबला नाही. मी खाटेवरून सगळं ऐकलं आणि कूस बदलली.

त्या वेळी मी फार अशक्त होतो, असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो. एक वाक्य बोलायला अशी किती ताकद लागते?

नाव कळलं तो दिवस

इंजेक्शनं संपली, ताप संपला नाही. मग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले. इतरही तपासण्या झाल्या, त्या लिहीत नाही. ज्यांच्या झाल्या त्यांना माहीत आहेत.

शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, "टीबी नाही. याला क्रोन्स डिसीज म्हणतात. आपल्याकडे फारसा दिसत नाही. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो."

मी विचारलं, "सर, स्पेलिंग सांगता का?"

आता हसू येतं. जन्मभराचा आजार सांगितला आणि मी स्पेलिंग विचारतो आहे! पण मला दुसरं काही सुचेना. शिकलेल्या माणसानं डॉक्टरांपुढे रडू नये, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

बाहेर बाकावर माय आणि सुमन बसल्या होत्या.

"काय म्हणे डाक्टर?" मायनं विचारलं.

"टीबी नाही म्हणे."

"मंग झालं! पावला देव." आणि ती खरंच उठून केळी घेऊन आली आणि ओसरीतल्या रोग्यांना वाटत सुटली. मी चिठ्ठी धरून उभा होतो. सुमन हळूच जवळ आली.

"मंग आता तुमी खाचं काय?"

त्या दिवशी माझ्या आजाराबद्दल विचारला गेलेला एकच कामाचा प्रश्न तो. मी डॉक्टरांना तो विचारलाच नव्हता.

केशरी रंगाच्या गोळ्या सुरू झाल्या. दिवसाला आठ. लघवीसुद्धा केशरी व्हायची. दोन महिन्यांत जुलाब थांबले, अंगावर मांस आलं, मला कळमेश्वरला नोकरी लागली आणि आम्ही नंदनवनात दोन खोल्यांत राहायला आलो. तिथे तीन बिऱ्हाडांत एक संडास होता. माझा आजार कळल्यावर घरमालकीण काकूंनी सगळ्यांना बजावलं, "ह्या पोराले पाहिलं का डबा बाजूले ठेवाचा आन् त्याले जाऊ द्याचं. माणुसकी काही हाये का नाही?" त्यानंतर रांगेत कधी कोणी मला अडवलं नाही. नागपूर ते कळमेश्वर रस्त्यावर कुठे उतरलं तर आडोसा मिळेल, हेही मला पाठ झालं. अशा आजारात देव या असल्या जागी भेटतो.

त्या गोळ्यांवर माझी श्रद्धा बसली. एकही चुकवत नसे.

भाजी

दोन वर्षं गेली. घरात पाळणा हलेना.

गावी वहिनीला मुलगा झाला. बारशाला आम्ही गेलो. सुमननं स्वतःच्या हातानं कुंची शिवून नेली होती. बायका पाळण्याभोवती जमल्या, बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देण्याघेण्याची वेळ आली, आणि माय म्हणाली, "सुमन, तू चुलीपाशी पाय वं जरा. भाजी लागन खाली."

सुमन उठून गेली. मी ओसरीत पुरुषांमध्ये पान लावत बसलो होतो. मला ऐकू आलं. परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "भाजी मी कवाचीच उतरवून ठेवली होती."

एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

नमुना

तिसऱ्या वर्षी मी तिला एका लेडी डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणताना छाती थोडी फुगली होती. गावातले लोक अंगारे-धुपारे करतात, मी शिकलेला माणूस, मी डॉक्टरकडे नेतो!

बाईंनी तिला तपासलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आधी तुमची तपासणी करून घेऊ. साधी असते. नमुना द्यायचा, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट."

मी म्हणालो, "माझं नंतर करू. आधी हिचं बघा."

इथे सगळं स्पष्ट लिहिणं भाग आहे. कारखान्यात माझं काम काय होतं? नमुने तपासणं. प्रत्येक खेपेचा नमुना काढायचा, तो पास झाल्याशिवाय एक ड्रम फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही. मालकाच्या मेहुण्याशीसुद्धा मी त्यावरून भांडलो होतो. "नमुन्याशिवाय मी सही करणार नाही," असं ठणकावून सांगणारा मी, स्वतःचा नमुना द्यायला तयार नव्हतो.

कारण भीती. माझं पोट आधीच नासकं निघालं होतं. त्याच्या खालीही काही खोट निघाली असती तर माझ्याजवळ पदवीशिवाय काय उरलं असतं?

बाईंनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा टाळलं. मग त्या म्हणाल्या, पिशवी साफ करून बघू. त्या काळी मूल होत नसलं की बाईची पिशवी साफ करायची, ही रीतच होती. संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही लागते. मी इंग्रजीत पूर्ण नाव लिहून सही केली आणि त्यापुढे बी.एस्सी. लिहिलं. कोणी मागितलं नव्हतं.

सुमन बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. रिक्षात बसल्यावर तिनं दांडा घट्ट धरला.

"फार दुखून राहिलं का?"

"दुखते थोडंसं. तुमच्यापेक्षा कमीच."

वर्षभरानं पुन्हा एकदा तेच केलं. पुन्हा माझी सही. मधल्या काळात मायनं नवस बोलला, तिला शनिवार धरायला लावले, कोणाकोणाच्या मुळ्या उगाळून पाजल्या. सुमन सगळं करत गेली. आणि मी रोज आठ गोळ्या घेत होतो.

बसायची जागा

भगंदर हा शब्द लिहायला मला आज पाच मिनिटं लागली. त्या जागी गळू आलं, फुटलं, पुन्हा आलं. बसच्या सीटमुळे असेल असं वाटलं. मग पू यायला लागला आणि मी कापडाची घडी घालून कामावर जाऊ लागलो. खुर्चीवर एका बाजूला कलून बसायचो. साहेबांना वाटायचं, हा आळसावला.

शेवटी शस्त्रक्रिया झाली. आत एक दोरा बांधून ठेवला, तो महिनोन्‌महिने राहायचा होता. वॉर्डात सकाळी ड्रेसिंगची गाडी यायची. तिचं एक चाक करकरायचं, आणि तो आवाज आला की बोलणारी सगळी खोली गप्प व्हायची. माझ्या शेजारी एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याचंही दुखणं तेच. तो म्हणायचा, "भाऊ, भगवान ने बैठने को एकच जगा दी थी, वोईच पंचर कर दी." हसलं की टाके ओढायचे, तरी आम्ही हसायचो.

घरी आल्यावर जखम रोज दोनदा धुवायची होती. सुमन गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी तापवायची, टबमध्ये ओतून त्यात पोटॅश टाकायची, पाणी गुलाबी झालं की मला बसवायची. मग पालथं झोपवून पट्टी. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "राहू दे, मी कंपाउंडरला बोलावतो."

"लाजून काय राहिले? म्हशीच्या कासेच्या जखमा धुतल्या म्या माहेरी. थे लाथा तरी मारे."

तिनं कधी नाक मुरडलं नाही. एवढ्या जवळून तिनं माझा आजार पाहिला. मी तिचं दुखणं रिक्षाच्या सीटवरून पाहिलं होतं, तेही शेजारी बसून, समोर बघत.

रिपोर्ट

जखमेच्या तपासणीला जायचो तिथले सर्जन तरुण होते. एकदा पट्टी बघता बघता त्यांनी सहज विचारलं, "मुलं किती?"

"नाहीत."

"लग्नाला किती वर्षं?"

"पाच होतील."

"आणि या गोळ्या कधीपासून?"

मी सांगितलं. ते थांबले. "तुमची तपासणी झाली का कधी? नाही? अहो, या गोळ्यांनी पुरुषाचं बीज कमी होतं. हे आता आतापर्यंत आम्हालाही ठाऊक नव्हतं. गोळ्या थांबवल्या की काही महिन्यांत पूर्ववत होतं. पण आधी बघू तर खरं."

या वेळी मी नमुना दिला. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. रिपोर्ट मी स्वतःच वाचला. वाचता येणं हीच तर माझी मिजास. बीज जवळपास नव्हतंच, आणि जे होतं ते निपचित.

मी दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. बसता येत नव्हतं. डोळ्यांपुढे सुमनचे ते पांढरे ओठ. पिशवीत काही नव्हतंच. दोन्ही वेळा काही नव्हतं. गोळ्यांचं कोणालाच माहीत नव्हतं, हे खरं. पण पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितल्याप्रमाणे नमुना दिला असता, तर तिच्यावर हत्यार लागलं नसतं.

सर्जननी आखणी करून दिली. आधी भगंदराची जखम पूर्ण भरू द्यायची, पोट शांत आहे याची खात्री करायची, मग त्यांच्या देखरेखीखाली केशरी गोळ्या थांबवून दुसऱ्या गोळ्यांवर राहायचं. तीन महिने वाट पाहायची. पोट उसळलं तर लगेच दाखवायचं. वाचणाऱ्यांपैकी कोणी या गोळ्या घेत असेल तर हात जोडून सांगतो, हे वाचून स्वतःच्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना विचारा. आणि विचाराच.

घरी आलो. सुमननं विचारलं, "काय म्हणे डाक्टर?"

"जखम भरली की गोळ्या बदलायच्या म्हणे."

"काहून?"

"पोटासाठी."

सांगायला सुरुवात केली असती तर पिशवीपर्यंत यावं लागलं असतं. म्हणून सुरुवातच केली नाही.

तिचे आभार

जखम भरली. दोरा निघाला. गोळ्या बदलल्या. पोट धरून होतं, पण रोज सकाळी उठलो की आधी पोटाला विचारायचो, आज काय बेत आहे?

पाचव्या महिन्यात सुमननं सांगितलं. मी कामावरून आलो होतो, बूट काढत होतो.

"मले दोन महिने झाले जी."

मी बूट हातात धरून तसाच राहिलो. ती हसत होती, रडत होती. आणि मग ती म्हणाली, "तुमी मले दवाखान्यात नेलं म्हून झालं. पिशवी साफ केली, तिचाच गुण आला आता. गावची राहती तर माय मले मुळ्याच पाजत बसती."

माझ्या आयुष्यात मला कोणी एवढे आभार मानून मारलं नाही. मी "हं" म्हणालो आणि संडासात जाऊन रडलो. बाहेर काकूंना वाटलं, पोट दुखतंय. त्यांनी ओव्याचं पाणी करून ठेवलं होतं.

गावी मायनं नवस फेडला. तिच्या मते शनिवारांचा गुण. म्हणजे एकीकडे नवस, दुसरीकडे पिशवी. दोन्हींमध्ये खोट सुमनचीच, आणि ती खोट दूर झाली याचा सगळ्यांना आनंद.

डब्याचं झाकण

सुमनला पाचवा सरला आणि माझं पोट उसळलं. ताप आला, आणि जुन्या जागेजवळ भगंदर पुन्हा फुटलं. पुन्हा भरती, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा ती करकरणारी गाडी. सुमन पोट सांभाळत दोन बस बदलून मऊ भाताचा डबा घेऊन यायची.

एक दिवस सर्जन फेरीला आले तेव्हा ती पदर सावरून पुढे झाली. "साहेब, पहिल्या गोळ्या चांगल्या चालल्या होत्या. काहून बंद केल्या तुमी?"

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. "यांना सांगितलं नाही तुम्ही?"

मी चादरीकडे पाहत होतो.

"आता मूल राहिलं आहे, त्या गोळ्या मी आजपासून परत सुरू करतो आहे," ते म्हणाले. "का बंद केल्या होत्या ते तुम्ही सांगा. मी पुढचा पेशंट बघून येतो."

मी सांगितलं. रिपोर्टपासून उलटं सांगत गेलो, नमुन्यापर्यंत. ती डबा उघडत होती. तिनं झाकण परत लावलं.

"पयल्यांदा पिशवी साफ केली तवा तुमाले माहीत होतं?"

"नाही."

"दुसऱ्यांदा?"

"नाही. पण बाईंनी माझी तपासणी सांगितली होती. मी केली नाही."

"माह्यासमोरच सांगितली होती," ती म्हणाली. "मले वाटलं, शिकलेले माणूस हायेत, त्याइले माहीत असन आपली गरज नाही म्हून."

तिनं डबा मांडीवर घेतला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उगाच छताकडे पाहत होता. मग ती म्हणाली, "मायले सांगा."

"सांगीन."

"सांगीन नाही. सातव्यात ओटी भराले गावी जाचं हाये. थ्याच्या आधी सांगा. नाही सांगितलं, तर मी पाटावर बसणार नाही. गावच्या बाया काय म्हणाचं थे म्हणू द्या. सहा वर्षं म्हणूनच राहिल्या."

मग तिनं डबा उघडला आणि चमचा माझ्या हातात दिला. "खा. थंडा होऊन राहिला."

सूप

ओटीच्या आदल्या दिवशी आम्ही गावी पोचलो. माय अंगणात धान पाखडत होती. सुमन आत गेली आणि दाराच्या आड थांबली, मला दिसेल अशी.

"माय, एक सांगाचं हाये."

"सांग न गा."

"सुमनले इतके वर्षं लेकरू झालं नाही, थे तिच्यामुळे नाही. माह्या गोळ्यायमुळे."

"कोन्त्या गोळ्या?"

"पोटाच्या. थ्या केशरी."

"पोटाच्या गोळ्यायचा आन् लेकराचा काय संबंध?"

मी समजावायला लागलो. बी.एस्सी.ला शिकलेलं सगळं आठवलं आणि मायच्या भाषेत एकही शब्द सापडेना. शेवटी एवढंच म्हणालो, "थ्या गोळ्यायनं माणसाच्या बियात दम राहत नाही. थ्या बंद केल्या, आन् मंगच सुमनले राहिलं."

सूप थांबलं. मायनं समोर पडलेल्या फोलातला एक दाणा उचलला, दोन नखांत दाबला. आत काही नव्हतं.

"म्हंजे बी पोचट होतं," ती म्हणाली. "आन् आमी वावराले शिव्या देऊन राहिलो."

मी मान हलवली.

"कधीपासून माहीत हाये तुले?"

"दीड वर्ष होईन."

"दीड वर्ष! काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"तुले लाज वाटली. आन् तिची इज्जत काय रस्त्यावर पडली होती?"

ती उठली. धान तसंच टाकून आत गेली. सुमन दारात होती. माय तिच्यापुढे उभी राहिली. तिनं सुमनच्या डोक्यावरचा पदर नीट केला, तो नीटच होता, आणि चुलीकडे गेली.

बोलावणं

मला वाटलं, सुटलो. सांगायचं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीचं बोलावणं करायचं होतं. आमच्याकडे घरोघर जाऊन कुंकू लावून बायकांना बोलावतात. हे काम सुनांचं; सासू घरी बसते. त्या दिवशी मायनं कुंकवाची डबी वहिनीच्या हातातून घेतली आणि म्हणाली, "मी जातो. तू नुसती संग चाल."

तासाभरानं वहिनी धावत परत आली. "भाऊजी, माय सगळ्याइले सांगून राहिली!"

"काय?"

"घरोघरी कुकू लावते आन् सांगते. माह्या सुनेत काही खोट नव्हती, माह्या पोराच्या गोळ्यायची होती. म्या तिले बोलली, माहं चुकलं. आता या म्हणे ओटी भराले."

मी उठलो. आतल्या खोलीत गेलो आणि कडी लावली. चौकातल्या पानठेल्यावर आता काय चाललं असेल, ते मला दिसत होतं. ज्यांची पत्रं मी वाचून द्यायचो ती माणसं. मला मायचा राग आला. चार भिंतींत सांगितलं होतं, ते हिनं गावभर करायची काय गरज होती?

हे मी मुद्दाम लिहितो आहे. दोनदा तिची पिशवी साफ झाली, सहा वर्षं तिनं ऐकून घेतलं, ते सगळं गावभर झालेलं मला चाललं. माझं एका सकाळी गावभर झालं तर मी दाराला कडी लावून बसलो. सुमनपुढे मान खाली घातली म्हणजे फिटलं, असं मी धरून चाललो होतो. माझा पश्चात्ताप एवढाच होता. कोणी बघत नसताना करण्यासारखा.

दारावर थाप पडली.

"दार काहून लावलं?" सुमनचा आवाज.

"डोकं दुखते."

"डोकं दुखते का तोंड लपवता? उघडा. सतरंज्या टाकाच्या हायेत. बाया येऊन राहिल्या."

"दादाले सांग."

"दादा वावरात गेले. आन् नसते गेले, तरी मी तुमालेच सांगितलं असतं."

मी कडी काढली. ती चौकटीला धरून उभी होती, सातव्या महिन्याचं पोट, अंगावर हिरवं लुगडं. हसत नव्हती. रागातही नव्हती. मी निघतो की नाही, एवढंच पाहत होती.

ओटीच्या वेळी पुरुष घरात थांबत नाहीत. मी सतरंज्यांची गुंडाळी काढली, ओसरीत आणली आणि एक अंथरली. भगंदराची जखम ओली होती, वाकलं की ओढायचं. बायका यायला लागल्या होत्या. मला बघून दारातच घुटमळल्या. मग सरूकाकू पुढे झाली. तिच्या जिभेला गाव भ्यायचं. तिनं सतरंजीवर पाय ठेवला, कमरेवर हात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय गा गजू, गोळ्या घेतल्या का आज?"

ओसरी खदखदून हसली. मायसुद्धा. मी सुमनकडे पाहिलं. ती पाटावर बसली होती, मान खाली, आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. तिनं मान वर केली तेव्हा दिसलं, हसत होती. त्या गावात, त्या बायकांमध्ये बसून ती हसल्याचं मी पहिल्यांदा पाहत होतो.

"घेतल्या, काकू," मी म्हणालो, आणि दुसरी सतरंजी उलगडली.